मोठ्या बाईंचा उजवा डोळा

कुलूपवाल्याचा पासपोर्टसाठी काढलेला फोटो ऑफिसातून परत आला. सोबत चिठ्ठी होती : 'अर्जदाराच्या डोक्याभोवती पांढरी कडा दिसते. कृपया नैसर्गिक फोटो पाठवावा.'

कुलूपवाल्याने चिठ्ठी काउंटरवर ठेवली. "माझी बायको म्हणते, तीस वर्षांत तिला माझ्या डोक्यामागे कधी तेज दिसलं नाही. एकदम पासपोर्टातच कुठून उगवलं?"

काउंटरमागे सूनबाई होती. तिने हसू दाबून फोटो उजेडात धरला. एका कानापासून निघून टकलावरून दुसऱ्या कानापर्यंत गेलेली बारीक पांढरी रेघ होती खरी, कुणी टोकदार खडूने ओढावी तशी.

"काय झालं गं?" आतून मामंजींचा आवाज आला.

"काही नाही मामंजी. यांचा फोटो पुन्हा काढायचाय."

"मऊ आला असणार! मी म्हणतोच आहे. आजकाल सगळं मऊच येतं."

मामंजी म्हणजे तिचे सासरे. चव्वेचाळीस वर्षं त्यांनी या स्टुडिओत लोकांना स्टुलावर बसवून, हनुवटी वर-खाली करायला लावून फोटो काढले होते. स्टुडिओला तीन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत काउंटर आणि रस्त्याकडे काचेचं शोकेस. मधल्या खोलीत राखाडी पडदा, दोन दिवे आणि ते स्टूल. मागच्या खोलीत पूर्वी लाल दिवा आणि रसायनांची तबकं असायची, आता कॉम्प्युटर आणि प्रिंटर होता. तिथे सूनबाईचं राज्य होतं. तबकांच्या काळापासून घरात एक रिवाज चालत आला होता : मधल्या खोलीतल्या माणसाने मागच्या खोलीत नाक खुपसायचं नाही आणि मागच्याने मधल्या. फोटो काढणारा काढेल, धुणारा धुईल, आणि प्रिंट बाहेर आली की दोघांनी ती मुकाट्याने बघायची. पूर्वी मागच्या खोलीत सासूबाई असायच्या. या रिवाजामुळेच आपला संसार टिकला, असं त्या म्हणत.

सूनबाईनेही तो पाळला. लग्नाआधी ती कॉलेजच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत होती. मुलांनी भिंगं उलटी लावली तरी न ओरडण्याची तिथली सवय इथे उपयोगी पडली. दुसरी सवय वहीची. रोज काय केलं ते ती तारखेसह लिहून ठेवी.

कुलूपवाला गेल्यावर तिने ती वही उघडली आणि मागची तीन महिन्यांची पानं उलटली.

पहिली नोंद अशी होती : 'आजचे फोटो जरा कडक वाटले. कडा एक घर मऊ केल्या.' दहा दिवसांनी : 'अजून कडक. दोन घरं.' मग तीन. मग चार, साडेचार. शेवटच्या पानावर तिने स्वतःच लिहिलं होतं, 'पाच. आता पापण्या जायला लागल्या.'

मामंजी बाहेर गेल्यावर तिने रिवाज मोडला. मधल्या खोलीत जाऊन कॅमेऱ्याचा मेनू उघडला आणि शार्पनेसचा आकडा पाहिला. कंपनीतून कॅमेरा आला तेव्हा तो तीनवर होता, हे तिला पक्कं आठवत होतं.

आता तो नऊवर होता. मेनूत दहा असता तर दहावर असता.

ती स्टुलावर बसली. शार्पनेस म्हणजे फोटोत नवीन काही भरणं नव्हे, हे तिला माहीत होतं. काळं आणि पांढरं जिथे शेजारी येतं, तिथे कॅमेरा काळ्याला आणखी थोडं काळं करतो आणि पांढऱ्याला आणखी थोडं पांढरं. डोळ्याला वाटतं, कड स्पष्ट झाली. बेताने केलं तर छान दिसतं. हात सैल सोडला की कडेला रेघ उमटते, आणि ती फोटोत मुरते. मागाहून मऊ करून ती फिकी होते, पण तिच्याबरोबर पापण्या, भुवया आणि शर्टाचं विणकामही जातं.

आणि इथे काय चाललं होतं ते तिला दिसलं. मामंजींना फोटो मऊ वाटला की ते कॅमेऱ्यात एक आकडा वाढवत. तो तिला कडक वाटला की ती मागच्या खोलीत मऊ करी. ती मऊ प्रिंट बघून ते पुन्हा एक वाढवत. दोघंही सज्जन, दोघंही मुकाट. जुन्या फोटोंच्या फायलींत नोंदलेले कॅमेऱ्याचे आकडे शोधून तिने वहीच्या मागच्या पानावर आलेख काढला. दोन रेघा एकमेकींच्या अंगावर चढत गेल्या होत्या. प्रयोगशाळेत एखाद्या मुलाने असा प्रयोग केला असता तर तिने त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

तिने कॅमेरा गुपचूप तीनवर आणला. दुसऱ्या दिवशी मामंजी पहिलाच फोटो काढून म्हणाले, "कॅमेऱ्याला कोणीतरी हात लावलाय," आणि मांजराकडे रोखून पाहिलं. संध्याकाळी आकडा परत नऊवर होता.

पण मामंजींना फोटो मऊ वाटतोच का, हे कोडं उरलं. त्याचं उत्तर रोज सकाळी रस्त्यापलीकडे उभं असे. समोरच्या शिंप्याने दारात कोट घातलेला एक नवा पुतळा आणून ठेवला होता. मामंजी दुकान उघडताना रोज त्याच्याकडे बघून हात वर करत, आणि आत येऊन म्हणत, "शिंप्याने ठेवलेला नवा माणूस फार उद्धट आहे. इतके दिवस झाले, साधी मान हलवत नाही."

सासूबाई आणि सूनबाई एकमेकींकडे बघत. मामंजींच्या डोळ्यांबद्दल घरात बोलायची सोय नव्हती. एकदा सासूबाईंनी नुसतं "डॉक्टर" म्हटलं, तर त्यांनी तीन दिवस चष्मा न लावता पेपर वाचून दाखवला. पेपर जुना होता, बातम्या त्यांना पाठ होत्या.

कुलूपवाल्याचा दुसरा फोटो तिने भीतीपोटी सहा घरं मऊ केला. आठवड्याने तोही परत आला. 'अर्जदाराचे डोळे स्पष्ट दिसत नाहीत.'

"आधी तेज होतं, आता डोळे नाहीत," कुलूपवाला म्हणाला. "मला परदेशी जाऊन नातीला बघायचंय हो. ती पाळण्यात असताना मी अर्ज केला. काल तिला दोन दात आले."

कुलूपवाला हा तिच्या नवऱ्याचा शाळेतला मोठा भिडू. नवरा दुसऱ्या शहरात नोकरीला होता. त्याच दुपारी त्याचा फोन आला.

"बाबांचं काय चाललंय? गावभर हसताहेत."

"मी बघते आहे."

"तू बघून काय होणार? शुक्रवारी मी येतोय, शाळेत मोठ्या बाईंचा फोटो लावायचा कार्यक्रम आहे ना. तो फोटो बाबाच काढणार, ठरलंय. पण एक सांगतो, तो जर असाच निघाला, तर कॅमेरा मी स्वतःच्या हाताने कपाटात ठेवणार. बास. सभागृहात सगळ्या शाळेसमोर शोभा नको."

फोन ठेवल्यावर सासूबाई म्हणाल्या, "ऐकलं मी. अगं, मागच्या वर्षी कॅमेरा दुरुस्तीला गेला होता, आठ दिवस. आठवतंय ना?"

सूनबाईला आठवत होतं. त्या आठ दिवसांत मामंजींनी स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावले होते. आठव्या दिवशी ते सासूबाईंना भाजी उजेडाच्या कोणत्या बाजूला बसून चिरावी ते सांगत होते.

"आठ दिवस मी काढले," सासूबाई म्हणाल्या. "जन्मभर नाही काढायची. मी माहेरी जाईन. माहेरी आता कोणी नाही, तरी जाईन." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "आणि हे नुसते बसून राहिले ना, तर लवकर म्हातारे होतील गं."

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. चाळीस वर्षं शिकवून आता निवृत्त होत होत्या. शाळेच्या सभागृहात आधीच्या मुख्याध्यापकांचे पाच फोटो ओळीने लावलेले होते, त्यांतले चार मामंजींनी काढलेले. सहाव्यासाठी मोठ्या बाई मंगळवारी सकाळी आल्या. अंगावर बारीक विणीची निळी शाल, हातात काठीसारखी धरलेली छत्री. स्टुलावर त्या अशा बसल्या की स्टूलच ताठ झाल्यासारखं वाटलं.

मामंजींनी कॅमेरा उचलला नाही. समोर खुर्ची ओढून बसले. "बाई, पहिल्या वर्षीचा वर्ग आठवतो?"

"न आठवायला काय झालं? नावं विसरते, नंबर विसरत नाही. एक नंबर रडका. चार नंबर दुसऱ्याचा डबा खायचा. नऊ नंबर आता न्यायाधीश आहे, तेव्हा खोटं बोलायचा."

"आणि सतरा?"

"सतरा नंबर!" बाईंच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "तुमचाच दिवटा. गणिताचा तास सुरू झाला की खिडकीतून उडी. एकदा मी खिडकीखाली जाऊन उभी राहिले. माझ्याच अंगावर पडला, आणि वर मलाच विचारतो, बाई, तुम्ही पण पळताय?"

खटक. मामंजींच्या हातात कॅमेरा कधी आला, ते सूनबाईला दाराआडून बघतानाही कळलं नाही.

दुपारी तिने तो फोटो कॉम्प्युटरवर उघडला. बाईंचा चेहरा जिवंत होता. हसू यायच्या आधीचा तो क्षण, डोळ्यांत आलेला, ओठांवर न पोचलेला. आणि त्या चेहऱ्यावर नऊ आकड्याचा शार्पनेस. प्रत्येक सुरकुती कोरून काढल्यासारखी, केसांच्या तारा झालेल्या, शालीची वीण मासे धरायच्या जाळ्यासारखी, खांद्याभोवती पांढरी रेघ.

मऊ करायला तिचा हात गेला आणि थांबला. मऊ केलं तर रेघेबरोबर ते डोळ्यांतलं जाणार. शिवाय ती पुसत राहिली तर ते चढवत राहणार. जे काय आहे ते एकदा स्वच्छ समोर येऊ दे. तिने काहीही न करता फोटो हातभर मोठा छापला आणि मधल्या खोलीत नेऊन दिला.

मामंजींनी तो खिडकीशी धरला. त्यांचा चेहरा उजळला. "आता कसं! तीन महिन्यांत पहिल्यांदा मनासारखा आला. सूनबाई, बघ, एकेक केस मोजून घे!"

"मामंजी, मला जरा—"

"बाईंना बोलव. उद्याच दाखवू."

त्या रात्री सूनबाई वही घेऊन मामंजींच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. खरं बोलायचं होतं आणि जीभ रेटत नव्हती.

बुधवारी बाई आल्या. मामंजींनी फोटोवरचं कापड काढलं आणि दोन पावलं मागे सरकले. सासूबाई पदराचं टोक चावत दारात उभ्या राहिल्या.

बाईंनी फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. डाव्या डोळ्यावर हात ठेवला. काढला. उजव्या डोळ्यावर ठेवला. काढला. पुन्हा डाव्यावर ठेवला.

"काय हो बाई?" मामंजी म्हणाले. "डोळ्यात काही गेलं?"

"माझ्या डाव्या डोळ्याच्या मते हा फोटो उत्तम आहे," बाई म्हणाल्या. "उजव्याच्या मते मी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीसारखी दिसते."

मामंजींनी फोटो आणि बाई, दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"उजव्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन सहा आठवडे झाले," बाई शांतपणे म्हणाल्या. "डाव्याचं पुढच्या महिन्यात आहे. डाव्याने मला अजून सगळं तुपातून बघितल्यासारखं दिसतं. तर हा फोटो तुपातून बघणाऱ्यासाठी काढलाय. तुमचा कोणता डोळा?"

"माझे दोन्ही ठणठणीत आहेत," मामंजी ताठ होऊन म्हणाले.

बाईंनी छत्रीचं टोक रस्त्याकडे केलं. "पलीकडे शिंप्याच्या दारात कोण उभं आहे?"

"त्याचा नवा माणूस. एक नंबरचा उद्धट."

"तो पुतळा आहे."

मामंजींनी काचेतून बाहेर पाहिलं. डोळे बारीक केले, मोठे केले, मान वाकडी केली. मग ते हळूच म्हणाले, "तरीच."

सासूबाईंच्या तोंडून हसू फुटलं आणि त्यांनी ते पदरात कोंबलं. मामंजी मात्र हसले नाहीत. त्यांनी शोकेसकडे पाहिलं, मग हातातल्या कॅमेऱ्याकडे.

"म्हणजे कुलूपवाल्याचं तेज?"

"नऊ आकड्याचं, मामंजी," सूनबाई म्हणाली. आता थांबले तर पुन्हा जमणार नाही, असं वाटून तिने वही आणली आणि आलेखाचं पान उघडलं. "पण चूक तुमची एकट्याची नाही. ही तुमची रेघ, ही माझी. तुम्ही चढवायचात, मी मागे बसून उतरवायची. मी उतरवलं म्हणून तुम्ही आणखी चढवलंत. पहिल्याच दिवशी बोलले असते तर चारवर थांबलं असतं."

मामंजींनी वही नाकाजवळ धरली. "म्हणजे तीन महिने एकाच शर्टाला मी खळ घालतोय आणि तू धुऊन काढते आहेस?"

"हो."

"शर्टाचं काय झालं असेल मग," ते पुटपुटले. मग त्यांनी गळ्यातला पट्टा काढला, कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि तिच्याकडे सरकवला. "घे. तुझे डोळे चांगले आहेत. बाईंचा तूच काढ."

सासूबाईंचं हसू पदरातच विरलं.

सूनबाईने कॅमेरा उचलला. बाई स्टुलावर बसल्या. तिने आकडा तीनवर आणला, दिवे मोजून लावले, अंतर मोजलं आणि अतिशय नम्रपणे म्हणाली, "बाई, कृपया थोडं हसाल का?"

खटक.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळ्यांनी वाकून पाहिलं. फोटो तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होता. त्यात बाई नक्कल करताना सापडलेल्या मुलाकडे बघत होत्या.

"हा सभागृहात लावला," बाई म्हणाल्या, "तर पोरं शाळा सोडतील."

"मला माणसांना बोलतं करता येत नाही," सूनबाई म्हणाली. "मामंजी, फोकसचं काम कॅमेरा करतो. आकडा मी बघते. पण त्यांच्या डोळ्यांत ते कालचं आणायचं कसं, ते मेनूत कुठेच नाही." तिने पट्टा त्यांच्यापुढे धरला. "आकड्याला हात लावायचा नाही, एवढंच."

मामंजींनी कॅमेरा हातात घेतला. मग पट्टा गळ्यात अडकवून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "बाई, त्या चार नंबरने कोणाचा डबा खाल्ला होता?"

"माझा!" बाई उसळून म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःलाच हसू आलं.

खटक.

शुक्रवारी सभागृहात सहावा फोटो लागला. नवरा गाडीतून उतरला तोच चेहरा घट्ट करून आला होता. फोटोवरचा पडदा सरकला, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि तो बघत राहिला. बाईंच्या चेहऱ्यावर सुरकुत्या होत्या, पण वयाच्या होत्या, तेवढ्याच. खांद्यामागे राखाडी पडदा नुसता पडदा होता. बाई आता कोणाचं तरी गुपित सांगतील असं वाटत होतं.

"हा बाबांनी काढला?" त्याने विचारलं.

"मामंजींनी," सूनबाई म्हणाली. "मी फक्त आकडा बघितला."

"मग ते कपाटाचं..."

"सतरा नंबर," मागून आवाज आला. नवऱ्याचे दोन्ही हात आपोआप शरीराला चिकटले. "सोमवारी तुझ्या वडिलांना मी माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते आहे. तू रजा काढ. खिडकीतून पळालास तर मी खालीच उभी आहे."

मामंजींनी सोमवारी बरेच आढेवेढे घेतले. डॉक्टर तरुण आहे, दवाखान्यात उजेड चुकीच्या बाजूने येतो, आज पोट ठीक नाही. पण बाईंसमोर चार नंबरचंही चाललं नव्हतं. पुढच्या पंधरवड्यात त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

पट्टी निघाल्यावर ते घरी आले आणि दारातच थबकले. "सूनबाई, तुझ्या हनुवटीवर तीळ कधी आला?"

"जन्मापासून आहे, मामंजी."

"आणि ही भिंत पिवळी आहे?"

"तुम्हीच रंगवून घेतली," सासूबाई म्हणाल्या.

"तुझे केस..." म्हणून ते सासूबाईंकडे वळले आणि शहाणपणाने गप्प बसले. मग रस्ता ओलांडून शिंप्याच्या दारात गेले, पुतळ्याला आपादमस्तक न्याहाळलं, "गैरसमज झाला," म्हणाले आणि परत आले. येताना शोकेसची काच दिसली. गेल्या तीन महिन्यांतले फोटो त्यांनी एका डोळ्याने एकेक करून पाहिले, निम्मे जाळी, निम्मे मेण. मग सगळे उतरवून ठेवले.

दुसऱ्याच दिवशी कुलूपवाला तिसऱ्यांदा फोटो काढायला आला. नातीला आता चार दात होते. मामंजींनी त्याला स्टुलावर बसवलं, आणि कॅमेरा हातात घेऊन मागच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "कितीवर ठेवू गं?"

चव्वेचाळीस वर्षांत त्यांनी हा प्रश्न कोणाला विचारला नव्हता. सासूबाईंच्या हातातली किसणी तशीच राहिली.

"तीन!" सूनबाईने आतून उत्तर दिलं.

खटक. फोटो कॉम्प्युटरवर आला. तिने तो मोठा करून पाहिला. कॉलरच्या कडेला, अगदी निरखून बघितलं तरच दिसेल अशी, एक पुसट रेघ होती. तिचा हात सवयीने मऊ करण्याकडे गेला. मग तिने हात मागे घेतला, उठली आणि मधल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"मामंजी, चार आहे."

"कुठे? तीनच..." त्यांनी डावा डोळा मिटून उजव्याने मेनू पाहिला. "जरा उठाव येतो म्हणून केला."

"कॉलरला रेघ आलीये."

"एवढीशी?"

"एवढीशीच. पण ऑफिसातल्या माणसाचे डोळे चांगले आहेत."

मामंजींनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत बटण एक घर मागे दाबलं आणि कॅमेऱ्याचा पडदा तिच्याकडे वळवून दाखवला. तीन होता.

"मग आता माझं तेज?" कुलूपवाल्याने स्टुलावरून काळजीने विचारलं.

"गेलं," मामंजी म्हणाले. "हनुवटी जरा खाली. आणि सांगा बरं, नातीचा पहिला दात वरचा आला की खालचा?"